‘मांडीचे हाड मोडले’ एवढेच लिहून भागत नाही
वाढत्या वयाच्या मुलांची हाडे, दवाखान्याचा कागद आणि आपण

कापसाचा हंगाम सुरू झाला की शिरपूर तालुक्यात रस्त्यारस्त्यावर भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या दिसू लागतात. त्यांच्या मागे लोंबकळणारी, चालत्या गाडीवर उडी मारणारी पोरेही दिसतात. चिंचेच्या आणि जांभळाच्या दिवसांत हीच पोरे झाडावर असतात. मुंबई-आग्रा महामार्ग तर आपल्या गावाला लागूनच जातो. ४ जुलै २०२३ रोजी पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेल्या कंटेनरने वाहनांना आणि रस्त्याकडेच्या माणसांना चिरडले, तो दिवस तालुका विसरलेला नाही. मुलांचे हातपाय मोडण्याचे प्रसंग आपल्या वस्त्यांमध्ये दर वर्षी घडतात. त्या वेळी घरातली वडील मंडळी धीर देतात, “लहान आहे, हाड लवकर जुळेल.”

बहुतेक वेळा ते खरेही ठरते. परंतु गुडघ्याच्या लगेच वर, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी इजा झाली असेल, तर हाड जुळले म्हणजे संपले असे होत नाही. त्या जागेवरून मुलाची उंची वाढत असते. आज जुळलेला पाय दोन वर्षांनी वाकडा किंवा आखूड झालेला दिसू शकतो. अशा वेळी पहिल्या दिवशी दवाखान्याच्या कागदावर काय लिहिले होते, यावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून राहते. उपचार, सरकारी योजना, अपघाताची भरपाई, अपंगत्वाचा दाखला या सगळ्यांचे मूळ त्या एका ओळीत असते. मी डॉक्टर नाही. कॉमर्सचा पदवीधर, कारकुनी करणारा माणूस आहे. पण लोकांचे कागद घेऊन कचेऱ्यांत आणि दवाखान्यांत फिरताना जे कळले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावेसे वाटते.

हाड वाढते कोठून?

ज्वारीचे ताट पाहा. ते सगळीकडून सारखे वाढत नाही. पेराच्या कांड्याशी जो कोवळा भाग असतो, तेथून ते लांबते. मुलाच्या हाडाचेही असेच आहे. लांब हाडाच्या दोन्ही टोकांजवळ कुर्चेची एक पातळ चकती असते. कुर्चा म्हणजे कानाच्या पाळीच्या वर जे लवचीक लागते, तसला पदार्थ. या चकतीला डॉक्टर ‘ग्रोथ प्लेट’ म्हणतात. आपण तिला वाढीची चकती म्हणू. तिच्यात नवे हाड तयार होत राहते आणि मूल उंच होते. मुलींमध्ये साधारण चौदाव्या वर्षी आणि मुलांमध्ये साधारण सोळाव्या वर्षी गुडघ्याजवळची ही चकती हाडात मिसळून जाते. मग वाढ थांबते.

मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के लांबी ही खालच्या टोकाच्या, म्हणजे गुडघ्याजवळच्या चकतीतून येते. संपूर्ण पायाच्या वाढीपैकी जवळजवळ ४० टक्के वाटा एकट्या या चकतीचा आहे. वर्षाला सुमारे ९ ते १० मिलिमीटर एवढी वाढ ती देते. आता हिशेब करा. आठ वर्षांच्या मुलाची ही चकती अपघाताने पूर्ण बंद पडली आणि दुसऱ्या पायाची चालू राहिली, तर सोळाव्या वर्षापर्यंत दोन पायांत सात-आठ सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. चकती एकाच बाजूने बंद पडली तर पाय आत किंवा बाहेर वाकतो.

चकती ही हाडापेक्षा कच्ची असते. मोठ्या माणसाच्या गुडघ्याला मार बसला तर शीर किंवा स्नायुबंध तुटतो. मुलाच्या बाबतीत स्नायुबंध टिकतो आणि चकती फाटते. म्हणून मुलाचा गुडघा सुजला, त्याला पाय टेकवत नसेल, तर ‘मुरगळला असेल’ असे म्हणून सोडून देऊ नये. चकती एक्स-रेमध्ये हाडासारखी पांढरी दिसत नाही, मोकळ्या रेघेसारखी दिसते. त्यामुळे तिची इजा पहिल्या फिल्मवर कधी कधी लक्षातही येत नाही. डॉक्टर दुसऱ्या पायाचा एक्स-रे काढून दोन्ही ताडून पाहतात, तो खर्च वाढवण्याचा प्रकार समजू नये.

गाडीच्या चाकातली इजा

ही इजा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत घोडागाड्या होत्या. पोरे चालत्या गाडीवर उडी मारून चढायला जात आणि पाय चाकाच्या आऱ्यांमध्ये अडकत असे. चाक फिरले की गुडघ्याच्या वरचे टोक चकतीतून निसटून जाई. तेव्हाच्या डॉक्टरांमध्ये तिला गाडीच्या चाकाची इजा असेच नाव पडले होते. कित्येक मुलांचा पाय त्यात कापावा लागत असे, कारण गुडघ्याच्या मागून पायाला रक्त पुरवणारी मोठी रक्तवाहिनी जाते आणि निसटलेले हाड तिच्यावर दाब देते किंवा ती फाडते.

ही भीती आजही तेवढीच खरी आहे. मार बसल्यावर पायाची बोटे गार पडली, पांढरी किंवा निळसर दिसू लागली, मुलाला बोटे हलवता येईनात किंवा बोटांना स्पर्श कळेना, तर एक तासही घालवू नये. तालुक्याला उपजिल्हा रुग्णालय आहे. पुढे धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. हाडवैद्याकडे नेऊन पाय ओढणे, चोळणे, बांबूच्या पट्ट्या घट्ट बांधणे हे तर अजिबात करू नये. आपल्याकडे हाडवैद्यावर विश्वास ठेवणारी कुटुंबे पुष्कळ आहेत, त्यांचा अवमान करण्याचा हेतू नाही. पण फाटलेली चकती चोळण्याने आणखी चिरडते आणि दाबलेली रक्तवाहिनी घट्ट पट्टीने पूर्ण बंद होऊ शकते.

पाच प्रकार

कॅनडातील टोरांटो शहराचे दोन डॉक्टर, रॉबर्ट सॉल्टर आणि रॉबर्ट हॅरिस, यांनी १९६३ मध्ये चकतीच्या इजांचे पाच प्रकार पाडले. जगभर हीच वाटणी वापरली जाते आणि आपल्याकडच्या अस्थिरोगतज्ज्ञांनाही ती पाठ असते. पहिल्या प्रकारात फट सरळ चकतीतून जाते. दुसऱ्यात ती चकतीतून जाऊन वरच्या हाडाचा एक तुकडा घेऊन निघते. हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. तिसऱ्यात फट चकतीतून खाली सांध्यात उतरते. चौथ्यात ती वरचे हाड, चकती आणि खालचे टोक असे सगळे चिरत सांध्यापर्यंत जाते. पाचव्यात चकती चेपली जाते. यातील पाचवा प्रकार सुरुवातीला एक्स-रेमध्ये दिसतच नाही, वाढ थांबल्यावर कळतो.

इतर ठिकाणच्या चकतीत पहिले दोन प्रकार फारसे त्रासदायक ठरत नाहीत. मांडीच्या खालच्या टोकाला मात्र तसे नाही. तेथील चकती सपाट नसून उंचसखल असते, त्यामुळे ती निसटताना घासली जाते आणि पहिल्या-दुसऱ्या प्रकारातही पुढे वाढ बिघडू शकते. परदेशात २००९ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा या जागेच्या सुमारे निम्म्या इजांमध्ये पुढे वाढीत काही ना काही बिघाड झालेला आढळला. प्रत्येक मूल अधू होते असा याचा अर्थ नाही. पण प्लास्टर काढले की दवाखान्याशी संबंध संपला, असे या इजेत मानता येत नाही.

आजाराचा खाते क्रमांक

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो. दुकानाच्या वहीत प्रत्येक खर्चाला एक खाते असते. भाडे एका खात्यात, मजुरी दुसऱ्या खात्यात. ज्याचे खाते सापडत नाही ते ‘किरकोळ’मध्ये जाते. वर्षअखेर ‘किरकोळ’ फुगलेले दिसले की हिशेबनीस समजतो, पैसा कोठे गेला हे कळायला मार्ग नाही. रुग्णालयांमध्येही आजारांची अशीच खाती आहेत. प्रत्येक आजाराला आणि इजेला एक आंतरराष्ट्रीय क्रमांक आहे.

याची सुरुवात १८९३ साली झाली. पॅरिस शहराच्या आकडेवारी खात्याचे प्रमुख जॅक बर्तियों यांनी शिकागोच्या बैठकीत मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. तिच्यातील सर्वांत मोठ्या यादीत १६१ कारणे होती. प्रारंभी माणूस कशाने मेला एवढेच मोजले जात होते. जगलेल्या माणसाला काय झाले, याची मोजदाद १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने काढलेल्या सहाव्या आवृत्तीपासून आली. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. तिला ‘आय.सी.डी. दहा’ म्हणतात. आपल्या देशातही हीच रूढ झाली. दिल्लीचे सेंट्रल ब्युरो ऑफ हेल्थ इंटेलिजन्स या कामाचे प्रशिक्षण देते. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असून ती वेगवेगळ्या देशांत हळूहळू वापरात येत आहे.

हे क्रमांक डॉक्टर पाठ करत बसत नाहीत. मोठ्या रुग्णालयात मेडिकल रेकॉर्ड विभाग असतो. तेथील कर्मचारी डॉक्टरने लिहिलेले निदान वाचतो आणि पुस्तकातून त्याचा क्रमांक लावतो. तोही माझ्यासारखा कारकूनच. कागदावर जे लिहिले असेल त्याचाच क्रमांक तो लावू शकतो. जे लिहिलेले नाही ते त्याला मनाने घालता येत नाही, आणि घालूही नये.

मूल आणि म्हातारा एकाच खात्यात

दहाव्या आवृत्तीत मांडीच्या हाडाच्या मोडीला एस ७२ हा क्रमांक आहे. मधला दांडा मोडला तर एस ७२.३. खालचे टोक मोडले तर एस ७२.४. येथेच अडचण आहे. सत्तर वर्षांच्या आजीबाई ओट्यावरून पडल्या आणि त्यांच्या गुडघ्याच्या वरचे हाड मोडले, तरी एस ७२.४. आठ वर्षांच्या मुलाची वाढीची चकती फाटली, तरी एस ७२.४. मोड उघडी आहे की बंद, एवढा एक अंक पुढे जोडता येतो. पण चकतीचा उल्लेख या क्रमांकात कोठेच येत नाही.

अमेरिकेने याच आवृत्तीचा स्वतःपुरता विस्तार केला आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून तो वापरात आणला. त्यात मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या चकतीला एस ७९.१ असे वेगळे खाते दिले. पुढचा अंक सॉल्टर-हॅरिसचा प्रकार सांगतो. त्यापुढचा अंक पाय उजवा की डावा ते सांगतो. शेवटचे अक्षर सांगते की रुग्ण पहिल्या उपचारावर आहे, हाड नीट जुळत आहे, वाकडे जुळले आहे की जुन्या इजेचा परिणाम घेऊन आला आहे. एस ७९.१२२ए एवढे लिहिले की डाव्या मांडीच्या खालच्या टोकाची चकती, दुसरा प्रकार, पहिला उपचार, हे सगळे त्यात आले. तेथे विमा कंपन्यांकडून पैसे या क्रमांकावर मिळतात, म्हणून इतका बारकावा आला. अकराव्या आवृत्तीतही मुख्य क्रमांकाला डावा-उजवा यासारखे जोडक्रमांक लावण्याची सोय केली आहे.

आपल्याकडे रूढ असलेला क्रमांक मुलाची बाजू पुरेशी मांडत नाही, हे एकदा कळले की पुढची गोष्ट आपोआप कळते. आपल्या मुलाचे रक्षण क्रमांक करणार नाही, डॉक्टरने हाताने लिहिलेली निदानाची ओळ करील. म्हणून ती ओळ पूर्ण असली पाहिजे.

या पुस्तकात आणखी एक उपयुक्त क्रमांक आहे, टी ९३.१. मांडीचे हाड पूर्वी मोडले होते आणि आताचा त्रास त्याचा परिणाम आहे, असे त्यातून नोंदवले जाते. वहीत मागील शिल्लक पुढे ओढतात तसेच हे. पण मागचे पान हरवले असेल तर शिल्लक कशाच्या आधारे ओढणार?

कशाने झाले, तेही लिहिलेले हवे

इजेच्या क्रमांकाबरोबर कारणाचा क्रमांकही असतो. झाडावरून पडल्यास डब्ल्यू १४. बैलगाडीसारख्या जनावराने ओढलेल्या गाडीत बसून अपघात झाल्यास व्ही ८०. ट्रॅक्टरसारख्या शेतीच्या वाहनावर असताना अपघात झाल्यास व्ही ८४. आपल्या जगण्यातल्या या गोष्टी त्या परदेशी पुस्तकात आहेत, फक्त आपल्या कागदावर त्या उतरत नाहीत. ‘पडून लागले’ हे दोन शब्द लिहिले की संपले.

ट्रॉलीवरून पडलेल्या मुलाच्या कागदावर नुसते ‘पडून लागले’ असेल, तर वाहनाच्या विम्याकडून पैसे मागताना तोच कागद आपल्याविरुद्ध उभा राहतो. मारहाणीलाही स्वतंत्र क्रमांक आहेत, एक्स ८५ पासून वाय ०९ पर्यंत. विहिरीच्या, वाटेच्या किंवा मिरवणुकीच्या वादात आपल्या पोरांना मार बसतो आणि गावात तडजोड होईल म्हणून दवाखान्यात ‘पडला’ असे सांगितले जाते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ खाली पुढे तक्रार करायची झाली, तर पहिल्या दिवशीचा वैद्यकीय कागद हा महत्त्वाचा पुरावा असतो. म्हणून डॉक्टरला खरे कारण सांगावे. अपघात किंवा मारहाण असल्यास एम.एल.सी. म्हणजे पोलिसांना कळवण्याची नोंद झाली का, हे विचारावे व तिचा नंबर लिहून घ्यावा.

एका कागदाने काय केले

आमच्या परिचयातील एका जिनिंग कामगाराचा मुलगा दिवाळीच्या सुट्टीत कापसाच्या ट्रॉलीच्या मागे चढताना पडला. वय वर्षे आठ. एका दवाखान्यात प्लास्टर घातले. सुट्टी देताना मिळालेल्या कार्डावर एवढेच होते : ‘फ्रॅक्चर फीमर, प्लास्टर दिले, गरज वाटल्यास दाखवणे.’ कोणता पाय ते नाही. वरचे टोक, मधला भाग की खालचे टोक ते नाही. चकतीचा शब्द नाही. कशाने झाले ते नाही. दीड महिन्याने प्लास्टर निघाले, मुलगा पळू लागला, घरची मंडळी विसरून गेली. गरज वाटल्यास दाखवा असे लिहिले होते आणि कोणाला गरज वाटली नाही.

दोन वर्षांनी आईच्या लक्षात आले की, पोऱ्या चालताना एका बाजूला झुकतो आणि एका पायाची चप्पल लवकर झिजते. मोठ्या रुग्णालयात तपासले तेव्हा पाय अडीच सेंटिमीटरने आखूड आणि गुडघ्यातून वाकलेला निघाला. तेथील डॉक्टरांनी विचारले, “पहिली फिल्म कोठे आहे?” ती पत्र्याच्या घरात पावसाने खराब होऊन टाकून दिलेली होती. वडील म्हणाले, “साहेब, ट्रॉलीवरून पडला होता.” डॉक्टर म्हणाले, “दादा, मला पटते. पण कागदावर तसे नाही.” ट्रॉलीमालकाच्या विम्याचा विषयच निघू शकला नाही. उपचार झाले. पण जे एका छोट्या शस्त्रक्रियेत आटोपले असते त्याला मोठी शस्त्रक्रिया लागली, शाळेचे वर्ष गेले आणि आईची मजुरी बुडाली.

यात कोणाचा दुष्टपणा होता असे मी म्हणत नाही. गर्दीच्या दवाखान्यात कार्ड लिहायला एक मिनिट मिळते. पण त्या एका मिनिटाची किंमत त्या घराने पुढे कित्येक वर्षे मोजली.

सहा महिने आणि आठ वर्षे

कायद्याची काही कलमे येथे सांगणे जरुरीचे आहे. मोटार अपघाताच्या भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करावा, अशी मुदत मोटार वाहन कायद्यात घातली गेली असून ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. चकती बंद पडल्याचा परिणाम मात्र बहुधा सहा महिन्यांनंतरच डोळ्यांना दिसू लागतो. म्हणजे पाय वाकडा झाल्यावर कोर्टात जाऊ, असे म्हणून चालणार नाही. पहिल्याच कागदावर ‘वाढीच्या चकतीला इजा, पुढे वाढीत बिघाड होण्याची शक्यता, वाढ पूर्ण होईपर्यंत तपासणी आवश्यक’ असे असेल, तर वकिलाला पुढच्या नुकसानीचीही मागणी करता येते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बारा वर्षांच्या एका अपघातग्रस्त मुलाच्या दाव्यात मुलांच्या भरपाईचे टप्पे सांगितले. संपूर्ण शरीराच्या हिशेबाने १० टक्क्यांपर्यंत अपंगत्व असल्यास १ लाख, १० ते ३० टक्क्यांपर्यंत ३ लाख, आणि पुढे वाढत ९० टक्क्यांवर ६ लाख रुपये. उपचाराचा खर्च त्याशिवाय. पुढील निकालांत परिस्थिती पाहून न्यायालयांनी याहून अधिकही दिले आहे. टक्का ठरवणारा डॉक्टर जुना कागद मागणार, हे उघड आहे.

अपंगत्वाच्या दाखल्याचा हिशेबही समजून घ्यावा. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पाय आखूड असल्यास पहिला अर्धा इंच धरत नाहीत. त्यापुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला ४ टक्के धरतात. म्हणजे पाय दोन इंच आखूड झाला तरी केवळ लांबीचे १२ टक्के होतात. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून आहेत. गुडघा किती वाकतो, पाय किती तिरपा आहे, हे सर्व तपासून नोंदवले गेले तरच खरा टक्का निघतो. दाखल्याच्या भरवशावर बसण्यापेक्षा पाय आखूड होण्याआधी उपचार करणे केव्हाही चांगले.

तिसरी गोष्ट कागद जपण्याची. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरने दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवायचे असतात, आणि रुग्णाने किंवा पालकाने मागितल्यास ७२ तासांत द्यायचे असतात. सरकारी रुग्णालयात २००५ चा माहिती अधिकारही वापरता येतो. पण तीन वर्षांनंतर दवाखान्याने कागद नष्ट केले तर त्याला दोष देता येणार नाही. आठ वर्षांच्या मुलाची वाढ मात्र सोळाव्या वर्षापर्यंत चालते. दवाखान्याची तीन वर्षे आणि मुलाची आठ वर्षे, यांतील अंतर आपल्या घरातल्या पिशवीनेच भरून काढायचे आहे.

योजनेचे कार्ड

आपल्या धुळे जिल्ह्याचा या बाबतीत पहिला मान आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होता. २०१७ पासून तीच योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते आणि २०२० पासून ती आयुष्मान भारत योजनेबरोबर एकत्र राबवली जाते. १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेत शस्त्रक्रियांना स्वतःचे वेगळे क्रमांक असतात आणि शस्त्रक्रियेपूर्वी मंजुरी घ्यावी लागते. मंजुरी देणारा अधिकारी मुलाला पाहत नाही, तो निदान, एक्स-रे आणि फोटो पाहतो. निदान मोघम असेल तर शंका काढली जाते आणि दिवस जातात. मंजुरी अडल्यास रुग्णालयातील आरोग्यमित्राला गाठावे किंवा १५५३८८ या क्रमांकावर फोन करावा.

ऊसतोडीसाठी सुरत-बारडोलीकडे जाणाऱ्या आपल्या आणि आदिवासी बांधवांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातील योजनेतल्या रुग्णालयातही चालते. तेथे उपचार घेतले तर गावी परतताना डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे बरोबर आणलेच पाहिजेत. मुकादमाकडे ठेवून येऊ नये.

पालकांनी काय करावे?

१) सुट्टी मिळण्याआधी कार्ड वाचून घ्यावे. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्यावे. त्यात पाच गोष्टी आहेत का पाहावे : कोणते हाड आणि त्याचे कोणते टोक, डावा की उजवा, वाढीच्या चकतीला इजा आहे की नाही, असल्यास सॉल्टर-हॅरिसचा कोणता प्रकार, आणि कशाने झाले.

२) यातील एखादी गोष्ट नसेल तर नम्रपणे म्हणावे, “डॉक्टरसाहेब, पोराच्या ग्रोथ प्लेटला लागले आहे का? लागले असेल तर एवढे कार्डावर लिहून द्या.” यात भांडण नाही. चांगले डॉक्टर आनंदाने लिहून देतात.

३) पुन्हा कधी दाखवायचे त्याची तारीख लिहून घ्यावी. पहिल्या वर्षी दर काही महिन्यांनी आणि नंतर वाढ पूर्ण होईपर्यंत डॉक्टर सांगतील तसे जावे. पाय दुखत नाही म्हणून जाणे टाळू नये.

४) घरीही पाहावे. तीन महिन्यांतून एकदा मुलाला भिंतीला टेकवून सरळ उभे करावे. दोन्ही गुडघे एका रेषेत आहेत का, एक कंबर खाली झुकते का, एका चपलेची झीज जास्त आहे का, हे पाहावे. फरक लवकर सापडला तर चकतीत धरलेला हाडाचा सांधा काढणे किंवा चकतीच्या एका बाजूला छोटी पट्टी बसवून पाय सरळ करणे, असे लहान उपाय शक्य असतात. वाढ संपल्यावर हाड कापून सरळ करणे किंवा लांबवणे एवढेच उरते.

५) कार्ड, एक्स-रे, औषधाच्या पावत्या, एम.एल.सी. नंबर हे सर्व एका प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाबरोबर ठेवावे. एक्स-रे फिल्म खिडकीच्या उजेडात धरून मोबाइलवर फोटो काढावा आणि तो दोन नातेवाइकांकडेही पाठवून ठेवावा.

६) वाहनाचा अपघात असेल तर पहिल्या महिन्यातच वकिलाचा सल्ला घ्यावा. पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, तसेच स्त्रिया व मुलांना तेथे मोफत कायदेशीर मदत मिळते.

वस्तीवस्तीतील महिला मंडळांनी आणि शिकलेल्या तरुणांनी यात एक काम हाती घ्यावे. दर महिन्याच्या बैठकीत अर्धा तास बाजूला काढून ज्यांच्या घरी मूल पडले-झडले असेल त्यांचे कार्ड वाचून द्यावे आणि वरील पाच गोष्टी तपासाव्यात. याला पैसा लागत नाही, वाचता येणारे एक माणूस पुरे. ज्या वाचकांच्या घरी गेल्या दोन-तीन वर्षांत मुलाचा गुडघ्याजवळ पाय मोडला असेल, त्यांनी हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी त्याचे कार्ड शोधून काढावे आणि मुलाला एकदा भिंतीशी उभे करून पाहावे, एवढी विनंती.